कुंकू लावलेली सहा अंडी

मला सापाची भीती वाटत नाही, असं अमेरिकेत आल्यावर मी जिला-तिला सांगत सुटले होते. सांगलीकडची म्हटल्यावर तेवढा तोरा हवाच ना! खरी गोष्ट अशी, की तोवर मी सापाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. आमच्या गावात पंचमीच्या आधी पुरुषमंडळी रानातून नाग धरून आणायची, मडक्यांत ठेवायची, पंचमीला पूजा आणि मिरवणूक झाली की परत नेऊन सोडायची. मी आपली आईच्या पदराआडून बघायची.

त्यात माझ्या वडिलांचं एकच काम. त्यांचं अक्षर वळणदार, म्हणून मडक्यांच्या गळ्यात बांधायच्या चिठ्ठ्या ते लिहायचे. नाग कुणाच्या बांधावरून आणला, विहिरीच्या कुठल्या अंगाला सापडला, सगळं त्यावर. कारण सोडायचा तो तिथंच. "दुसऱ्याच्या बांधावर सोडलेला जगत नाही," ते म्हणायचे, "वाट शोधत फिरतो आणि मरतो." हे मी शंभरदा ऐकलं होतं. त्यामुळे पुढे मी जो काही प्रताप केला, त्याला 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोयच उरली नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नुकतंच लग्न झालेलं, ह्यांची नोकरी चिप बनवणाऱ्या कंपनीत, आणि आमचं बिऱ्हाड वाळवंटातल्या चँडलर गावात. घरामागे कोरडा ओढा, पलीकडे कापसाची शेतं. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर बाहेर पाऊल टाकलं की चपलेतून चटका बसायचा. हे आठला गाडी काढायचे ते संध्याकाळी सहाला उगवायचे. मधले दहा तास मी, टीव्ही आणि छतावरच्या कूलरची घरघर.

तो कूलर पाण्यावर चालायचा आणि त्याची नळी मागच्या भिंतीशी थेंब थेंब गळत राहायची. एवढं पाणी फुकट जातंय हे काही मला बघवेना. मी तिथं वाफा केला, पालापाचोळा कुजवून घातला आणि एका काकूंनी दिलेले अळवाचे कंद लावले. वाळवंटात अळू! पानं चांगली सुपाएवढी व्हायची. ते अळू बघायला म्हणून शेजारचे आजोबा भिंतीवरून डोकावले, तीच आमची ओळख.

आजोबा सत्तरीचे, एकटे, हायस्कुलात सायन्स शिकवून रिटायर झालेले. मी त्यांना अळूवडी दिली. त्यांनी मला आइस्क्रीम खायला गॅरेजमध्ये बोलावलं. तिथल्या फ्रीझरचं झाकण उघडलं तर आइस्क्रीमच्या डब्याशेजारी पिशवीत गोठवलेले उंदीर! अगं आई गं! मी पक्की शाकाहारी, घरात अंडंसुद्धा न आणणारी. तशीच उलट्या पावली घरी आले आणि तीन दिवस त्यांच्याकडे बघितलं नाही. चौथ्या दिवशी तेच दारात येऊन उभे. म्हणाले, "उंदीर माझ्यासाठी नाहीत. आत ये, कोणासाठी ते दाखवतो."

भिंतभर फळ्या, फळ्यांवर बुटांच्या खोक्याएवढे प्लास्टिकचे डबे, झाकणांना भोकं, प्रत्येक डब्यात एक साप. आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी! नर की मादी, कधी जन्मला, आईबाप कुठल्या डोंगराचे. मला एकदम आमची मडकी आठवली आणि डोळ्यांत पाणीच आलं. आजोबांना वाटलं मी घाबरले. मी म्हटलं, "घाबरते कुठली! आमच्या गावात तर नाग असतात." पुन्हा तोरा.

तरुणपणी हेच आजोबा पहार घेऊन डोंगरात जायचे. साप खडकांच्या भेगांत राहतात, भेगा पहारीनं फोडायच्या, साप पोत्यात भरायचे आणि पाळणाऱ्यांना विकायचे. तेव्हा सगळेच तसं करायचे. मग एका वर्षी त्यांच्या लाडक्या घळीत दिवसभर हिंडून त्यांना फक्त तीन साप सापडले, आणि फुटलेले दगड मात्र जिकडेतिकडे. एकदा फुटलेली भेग काही परत सांधत नाही. त्या दिवशी त्यांनी पहार तिथंच टाकली. ते तीन तेवढे घरी आणले आणि सापांची पैदास करायला लागले. कशासाठी, तर ज्याला साप पाळायची हौस आहे त्यानं घरात जन्मलेलं पिल्लू न्यावं, डोंगरावर जाऊ नये. "माझ्या गॅरेजमधून एक पिल्लू गेलं," ते म्हणायचे, "की तिकडे एक दगड जागेवर राहतो." पुढे त्या घळीतून रस्ता गेला. सुरुंग लावले, घळच राहिली नाही. तिथला वंश आता जगात कुठं असलाच, तर आजोबांच्या फळीवर.

त्या वंशातली मादी एकच उरली होती. लाल, काळे, पांढरे पट्टे अंगभर, कोपरापर्यंत बांगड्या भरल्यासारखी. विष अजिबात नाही. मी तिला बांगडीवाली म्हणायची. आजोबा तिला हातावर घ्यायचे, मी चार हात लांबून "किती गोड!" करायची. ते मनातल्या मनात हसत असणार.

जुलै संपत आला असताना त्यांच्या बहिणीचं मांडीचं हाड मोडलं आणि त्यांना तडक दुसऱ्या राज्यात जावं लागलं. टॅक्सी दारात, हातात बॅग, तशात त्यांनी माझ्या हातावर किल्ली ठेवली. खायला घालायची गरज नाही, फक्त रोज पाणी बदलायचं, बाकी सगळं डब्यावर लिहिलंय. मी "येस, येस" म्हणत मान हलवली. गेले दहा महिने कोणी माझ्यावर काही सोपवलं नव्हतं. किल्ली मी दागिन्यांच्या पेटीत ठेवली.

पाणी मी इमानानं बदललं. चिठ्ठी मात्र वाचली नाही. बारीक इंग्रजी अक्षर, अर्ध्या खुणा सायन्सवाल्यांच्या, कोण डोळे फोडणार! चिठ्ठ्या लिहिणाऱ्याची मुलगी मी, आणि चिठ्ठीच वाचली नाही.

चारेक दिवस बाकीचे साप निवांत पडलेले असायचे. बांगडीवाली मात्र सारखी डब्यात येरझारा घालायची. नाक प्लास्टिकला घासून घासून लाल झालेलं. मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसायची आणि मला भडभडून यायचं. चार भिंती, वरून भोकाभोकांचं झाकण, आणि बाहेर सगळं मोकळं जग. बाई गं, तुझं आणि माझं एकच की!

अशात पंचमी आली. तिथी मला आईच्या पत्रातून कळलेली. पहाटे उठून न्हाले, पाटावर गंधानं नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं. पंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, माती खणायची नाही. म्हणून पुरणाची दिंडं उकडली. हे दिंडं खाऊन ऑफिसला गेले. मग मी कुंकवाचं ताट घेऊन गॅरेजमध्ये गेले. बांगडीवाली नाक घासतच होती. आणि माझ्या मनात आलं, आजच्या दिवशी देवाला कोंडून ठेवायचं आणि पाटावरच्या चित्राला दूध दाखवायचं? ही कुठली पूजा?

डबा उचलला. तो आजोबांच्या मागच्या अंगणात नेऊन ओढ्याच्या तोंडाशी ठेवला, झाकण काढलं आणि धूम पळाले. गॅरेजच्या खिडकीतून बघितलं. ती डब्याच्या काठावर आली, जरा थांबली, आणि दगडांत दिसेनाशी झाली. मी हात जोडले. खरं सांगते, त्या वर्षात इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. घरी येऊन दोन दिंडं जास्त खाल्ली.

अकराला फोन वाजला. आजोबा. बहीण बरी आहे म्हणाले आणि लगेच, "आमची म्हातारी काय म्हणते? घातली का अंडी?"

माझी नजर खिडकीतून ओढ्याकडे गेली.

"नाक घासत असेल बघ. काळजी करू नको, अंडी घालायची वेळ आली की त्या ओली जागा शोधत फिरतात. तिच्या डब्यात अंड्यांसाठी शेवाळ ठेवलंय, त्यावर तू रोज पाणी शिंपडतेस ना? तिचं वय झालंय. ही अंडी शेवटचीच."

"हो, हो," मी म्हटलं. "सगळं ठीक आहे."

फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन चिठ्ठी वाचली. सगळं लिहिलेलं होतं. अंड्यावर आली आहे. शेवाळ ओलं ठेवणे. खाली अधोरेखित : ही जगली पाहिजे. शेवाळ वाळून कुरकुरीत झालेलं. म्हणजे ती मोकळं व्हायला नाही, ओलावा शोधायला धडपडत होती, आणि मी तिला भर उन्हाळ्यात वाळवंटात नेऊन सोडली होती.

ह्यांना ऑफिसात फोन केला. नीट बोलताच येईना. हे घाबरले, "अगं, कुणाला काय झालं?" मी म्हटलं, "मी साप सोडला." पलीकडे ह्यांनी कुणाला तरी 'एक मिनिट' म्हटलं. मग, "मीटिंग कॅन्सल करतो. येतोय. तू उन्हात जाऊ नकोस."

मी काय ऐकतेय! ओढ्यात उतरले. दगड न् दगड बघितला. वाळूवर पाय ठरत नव्हता. अशा वाळूवर साप दहा मिनिटं जगत नाही, हे आजोबांनीच सांगितलेलं. हे गळ्यातल्या टायसकट तिथं येऊन पोचले. आम्ही आजोबांचं अंगण पालथं घातलं, कण्हेरीची झुडपं हलवली, कचऱ्याचे ड्रम सरकवले. कुठंच नाही. एक वाजला. माझा पदर डोक्यावर, तोंड लालबुंद, आणि रडणं काही थांबेना. "त्यांची एकच होती हो," एवढंच मी घोकत होते. "साऱ्या जगात एकच."

हे कधी नव्हे ते रागावले नाहीत. म्हणाले, "आधी पायांवर पाणी घे. फोड येतील."

मी कूलरच्या नळीखाली पाय धरायला अळवाच्या वाफ्यात उभी राहिले. चिखल गार लागला आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळ्या परिसरात एवढी एकच जागा ओली होती. भिंतीच्या तळाशी पाणी जायला भोक होतं, आजोबांच्या अंगणातून थेट इकडे येणारं. आणि अळवाच्या मोठ्या पानाखाली पाचोळा जरासा उकरलेला होता.

"अहो!" मी ओरडले. हे धावत आले ते फावडं घेऊनच, आणि घालायला उगारलंसुद्धा.

"थांबा! आज माती खणायची नाही!"

"आत्ता? आत्ता तुला हे सुचतंय?"

"पंचमी आहे! ठेवा ते खाली!"

तोंडातून कसं गेलं कोण जाणे. विचार करून नाही म्हटलं, लहानपणापासून ऐकलेलं ते आपलं बाहेर पडलं. ह्यांनी कपाळावर हात मारला, पण फावडं ठेवलं. मी गुडघे टेकले आणि बोटांनी एकेक पान बाजूला करायला लागले. चार बोटं खाली लाल-काळे-पांढरे पट्टे दिसले. बांगडीवाली वेटोळं करून बसलेली, आणि वेटोळ्यात पांढरी, लांबट, ओलसर अंडी. फावडं पडणार होतं ते बरोब्बर तिच्यावर. पंचमीला माती का खणायची नाही, ते मला त्या दिवशी कळलं. तोवर मी नुसतीच पाळत होते.

पण आता पुढे काय? अंडी उचलायची कशी, ठेवायची कशात? विचारायचं एकालाच. आणि विचारायचं तर सगळं सांगायचं.

बहिणीच्या घरचा नंबर लावला. आजोबा हॅलो म्हणाले आणि मी एका दमात बोलून टाकलं. सकाळी मी खोटं बोलले. चिठ्ठी वाचली नाही. ती मी सोडली. आमचा सण होता. ती सापडली आहे. सहा अंडी आहेत. माझं चुकलं. मग ते म्हणाले, वर्गात सांगावं तसं, "अंडी फिरवायची नाहीत. जी बाजू वर आहे ती वरच राहिली पाहिजे, नाहीतर आतलं पिल्लू मरतं. आधी प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण कर. मग उचल." डबा कुठला, ओली माती किती, सगळं सांगितलं आणि फोन ठेवला. रागाचा एक शब्द नाही. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

हे पेन्सिल शोधायला आत पळाले. इंजिनियरच्या घरात वेळेला पेन्सिल सापडेल तर शपथ! सकाळी परत आणलेलं पूजेचं ताट मागच्या दाराशी ओट्यावर होतं. मी बोट ओलं केलं, कुंकवात बुडवलं आणि सहाही अंड्यांना वरच्या बाजूला एकेक टिकली लावली. ज्या बाईनं घरात अंडं येऊ दिलं नाही, तिनं एकेक अंडं ओंजळीत घेऊन डब्यात ठेवलं. बांगडीवालीला मात्र कोण उचलणार? ह्यांनी डोळे मिटले. मग मीच उचलली. गार होती, दमलेली होती, आणि तिनं माझ्या मनगटाला अलगद विळखा घातला. माझी भीती तिथंच गेली. आता खोटं बोलावं लागत नाही.

आठवड्यानं आजोबा आले. गॅरेजमध्ये जाऊन सगळे डबे बघितले, अंड्यांच्या डब्याजवळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "पाळलेल्याला रानात सोडणं ही दया नाही. तो तर मरतोच, पण ह्या गॅरेजमधली खरूज, ह्या गॅरेजमधले रोग रानातल्या सापांकडे जातात. त्यांना ते सोसत नाहीत. मी आधी पहारीनं मारले, आता तुझ्या हातानं मारायचे नाहीत." आणि हात पुढे केला. किल्ली हवी होती त्यांना.

किल्ली दिली आणि घरी येऊन ढसाढसा रडले. रागही आला. एवढं अंड्यांना जपलं त्याचं काहीच नाही का? मग स्वतःचाच राग आला. ऑगस्ट सगळा असा गेला. मी अळवाला पाणी घालायची, ते भिंतीपलीकडून हात हलवायचे, बोलणं तेवढंच. अळूवडी पाठवली तर रिकामी ताटली धुऊन परत यायची. बांगडीवाली त्याच महिन्यात गेली. आजोबांनी सांगितलं नाही; फळीवरचा रिकामा डबा मला दारातून दिसला. म्हणजे आता सगळं त्या सहा अंड्यांवर होतं.

सप्टेंबरच्या शेवटी एका सकाळी दारावर थाप पडली. आजोबा धापा टाकत उभे. "चल लवकर."

मी हातातली कणीक तशीच घेऊन धावले. डब्यात सहा अंडी, सहा टिकल्या अजून लालच. एका अंड्याला टिकलीच्या शेजारी बारीकशी चीर पडली होती आणि त्यातून करंगळीच्या नखाएवढं तोंड बाहेर आलं होतं. लाल, काळं, पांढरं. आम्ही दोघं डब्यासमोर बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत पाच निघाली. सहावं शेवटपर्यंत उघडलं नाही.

आजोबांनी पाच डबे ठेवले, पाच चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकीवर वर त्या नाहीशा झालेल्या घळीचं नाव लिहिलं. खाली एक ओळ कोरी ठेवली आणि पेन माझ्याकडे दिलं. "तू म्हणाली होतीस ना, तुझे वडील मडक्यांना चिठ्ठ्या बांधायचे? काय लिहायचे ते?"

"कुणाच्या बांधावरून आणला ते. परत तिथंच सोडायला."

"ह्यांना परत सोडायला जागाच नाही," आजोबा म्हणाले. "पण अंडी कुठं घातली ते तर आपल्याला माहीत आहे. लिही. तुझ्या भाषेत."

मी हात पुसले. वडिलांचं अक्षर आठवून, जमेल तितकं वळणदार लिहिलं. पाच डब्यांवर पाच वेळा : आमच्या बांधावरची.

त्यांनी ते वाचायला सांगितलं, अर्थ विचारला, आणि मग खिशातून किल्ली काढून माझ्या कणकेच्या हातावर ठेवली.